चार लाख चाळीस हजार एक

"मामा, ही मूळ संख्या राहते का?"

भाची आठवीत आहे. सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात अर्ज पाठवायचा होता, म्हणून लिफाफ्यावर पत्ता लिहीत बसली होती. नाव झालं, रस्ता झाला, नागपूर झालं, मग ४४०००१ लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः ती संख्या सोडून जिला दुसऱ्या कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी: २, ३, ५, ७, ११, १३ वगैरे. शाळेत शंभरपर्यंतच्या मूळ संख्या पाठ करून घेतात. शंभराच्या पुढं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. तिनं विचारलं, याचा मला फार आनंद झाला.

मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला. लिफाफ्याची मागची बाजू कोरी होती, तिथंच हिशोब सुरू केला. त्या संध्याकाळी जे जे निघालं ते इथं लिहितो. मोठ्या संख्यांशी ओळख करून घ्यायची मला माहीत असलेली सगळ्यात चांगली रीत हीच आहे: एकच संख्या धरायची आणि तिचा पिच्छा सोडायचा नाही.

आधी पोस्टाचं गणित. पिन कोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, दोन्ही ते एकाच वेळी होते. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा पट्टा. पहिले दोन आकडे, ४४, म्हणजे आपला विदर्भ: वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, सगळीकडे पिन ४४ नेच सुरू होतो. ४४० म्हणजे नागपूर आणि शेवटचे ००१ म्हणजे जीपीओ, शहराचं मुख्य टपाल कार्यालय. पोस्टमन ही संख्या डावीकडून उजवीकडे, तुकड्या-तुकड्यांनी वाचतो. गणिताला हे तुकडे दिसत नाहीत. त्याच्यासाठी ही अख्खी एक राशी आहे: चार लाख चाळीस हजार एक.

कळमन्याच्या बाजारात इतकी संत्री एका मैदानात ओतली आहेत असं समजा. ती ओळींमध्ये अशी लावायची की प्रत्येक ओळीत सारखीच संत्री यावीत आणि एकही उरू नये. किती प्रकारे लावता येतील? भाग जातो की नाही, हा प्रश्न म्हणजे नेमका हाच.

२ ने जात नाही, कारण शेवटी १ आहे. ५ ने नाही, त्याच कारणाने. ३ आणि ९ साठी आकड्यांची बेरीज करायची: ४ + ४ + ० + ० + ० + १ = ९. भाचीनं लगेच सांगितलं, नऊने जाते. कसोटी तिला येत होती, पण ती का चालते हे कुणी सांगितलेलं नव्हतं. कारण अगदी छोटं आहे. एक लाख म्हणजे ९९,९९९ आणि वर १. त्यातल्या ९९,९९९ ला नऊने भाग जातोच, म्हणून प्रत्येक लाखामागे बाकी उरते फक्त १. चार लाखांमागे ४. दहा हजार म्हणजे ९,९९९ आणि १, म्हणून चार दहा-हजारांमागे पुन्हा ४. शेवटचा सुटा १. सगळ्या बाक्या एकत्र केल्या की ४ + ४ + १ = ९, आणि नऊची स्वतःचीच एक ओळ पूर्ण होते. आकड्यांची बेरीज म्हणजे सगळ्या उरलेल्या संत्र्यांची बेरीज, एवढंच.

तेव्हा ४४०००१ मूळ संख्या नाही. ४४०००१ = ९ × ४८८८९.

पण खरा प्रश्न आता सुरू झाला. हे ४८८८९ काय आहे? आकड्यांची बेरीज ३७, म्हणजे आणखी एक ३ निघणार नाही. मग ७, ११, १३ असं एकेक करून भाग देत बसायचं. कुठपर्यंत? इथं वर्गमूळ कामाला येतं. संत्री आयतात मांडली तर आयताची एक बाजू लांब आणि एक आखूड असणार (किंवा दोन्ही सारख्या). आखूड बाजू वर्गमूळापेक्षा मोठी होऊच शकत नाही, कारण दोन्ही बाजू त्याहून मोठ्या असत्या तर गुणाकार संख्येच्या पुढं गेला असता. २२१ चा वर्ग ४८,८४१ आहे आणि २२२ चा ४९,२८४. म्हणजे २२१ पर्यंत कुणी सापडलं नाही तर पुढं कुणीच सापडणार नाही. शिवाय सगळ्या संख्यांनी भाग द्यायची गरज नाही, फक्त मूळ संख्यांनी. ६ ने भाग जायचा असता तर तो आधी २ ने गेला असता. २२१ पर्यंतच्या मूळ संख्या आहेत ४७.

सत्तेचाळीस भागाकार. आम्ही ते वाटून घेतले.

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण हाताने केलं की त्यात जीव गुंततो. ७ ने भाग दिला, बाकी १. थोडक्यात हुकलं. १९ ने, बाकी २. ३१ ने, बाकी २. ८३ ने, पुन्हा २. ९७ ने, बाकी १. प्रत्येक वेळी वाटतं की आता जाईल, आणि एक-दोन संत्री उरतात. १९, ३१ आणि ८३ या तिघांकडूनही २ च का उरले, हे भाचीनंच शोधलं: १९ × ३१ × ८३ = ४८८८७, आपल्या संख्येच्या अगदी दोन पावलं मागं. शेवटचा भागाकार २११ चा होता. बाकी १४८. यादी संपली आणि कुणानेही भाग गेला नाही. ४८८८९ ही मूळ संख्या आहे. तेवढी संत्री घेऊन बसा, एका सरळ लांब रांगेशिवाय दुसरी कुठलीही पूर्ण मांडणी होणार नाही.

म्हणून ४४०००१ = ३ × ३ × ४८८८९. १ पेक्षा मोठी कुठलीही पूर्ण संख्या मूळ संख्यांमध्ये अशी एकाच प्रकारे फोडता येते. क्रम बदलेल, अवयव बदलणार नाहीत. नागपुरात फोडा की न्यूयॉर्कमध्ये, हेच तीन तुकडे निघणार. यावरून तिचे सगळे विभाजक लगेच मिळतात: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७ आणि ४४०००१. फक्त सहा. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १,९५,५६९ होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ६ आणि २८ या संख्यांमध्ये ही बेरीज संख्येएवढीच येते, म्हणून त्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. आपली संख्या त्यापासून फार दूर आहे.

आता एक पाऊल मागं जाऊ. ४४०००१ च्या शेजारी ४४०००० आहे. ती फोडली की निघतात सहा वेळा २, चार वेळा ५ आणि एकदा ११. तिचे विभाजक होतात ७०! सत्तर प्रकारच्या ओळी लागणारी ही राशी, तिच्यात एक संत्रं टाकलं आणि सत्तरचे सहा झाले. आणि त्या दोघींमध्ये १ सोडून एकही सामायिक विभाजक नाही. असायची शक्यताच नसते, कारण दोघींना भाग देणारी संख्या त्यांच्या फरकालाही भाग देणार, आणि फरक आहे १.

मला सगळ्या अंकगणितात याहून मोठं गूढ वाटत नाही. बेरीज आपल्याला कळते. गुणाकार कळतो. पण संख्येत नुसता एक मिळवला तर तिच्या अवयवांचं काय होईल, हे आधी सांगणारं सरसकट सूत्र कुणाकडेही नाही. गोल्डबाख या गणितज्ञानं १७४२ मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्र लिहून जो प्रश्न मांडला तो याच सांध्यावरचा आहे. आजच्या भाषेत तो असा: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? मूळ संख्या गुणाकारातून जन्मतात आणि प्रश्न बेरजेचा आहे. अजूनही कुणाला तो सिद्ध करता आलेला नाही.

संख्येचे काही गुण मात्र तिच्या आकड्यांवर, म्हणजे आपण ती कशी लिहितो त्यावर अवलंबून असतात. या वाटेनं सगळ्यात प्रेमानं फिरला तो आपला मराठी माणूस, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी नाव दिलं हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी. आपली ४४०००१ हर्षद आहे: आकड्यांची बेरीज ९, आणि ९ ने भाग जातो.

त्यांचा दुसरा खेळ असा. संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवायची आणि पुढच्या संख्येवर जायचं. ४४०००१ मध्ये ९ मिळवा: ४४००१०. म्हणजे जीपीओवरून उडी मारली ती थेट धरमपेठच्या पिन कोडवर! भाचीला हे इतकं आवडलं की तिनं उलटी उडी शोधायला घेतली. कुठल्या संख्येवरून उडी मारली तर ४४०००१ वर येऊ? उत्तर एकच आहे, ४३९९६५. तिच्या आकड्यांची बेरीज ३६, आणि ३६ मिळवले की आपण जीपीओत. ज्या संख्येवर अशी कुठूनच उडी मारून येता येत नाही, तिला कापरेकर स्वयंभू म्हणायचे. २० ही स्वयंभू आहे. आपली नाही, तिला एक जनक आहे.

हे गुण आकड्यांच्या पेहरावाचे आहेत, हे पडताळून बघता येतं. संगणक सगळ्या संख्या ० आणि १ मध्ये लिहितो. त्या पद्धतीत आपली संख्या होते ११०१०११०११०११०००००१. यात १ आहेत दहा, म्हणजे आकड्यांची बेरीज १०, आणि दहाने भाग जात नाही. पेहराव बदलला आणि हर्षदपणा गेला. पण ३ × ३ × ४८८८९ तसंच राहिलं, कारण संत्र्यांच्या ओळी कुठल्या लिपीत मोजल्या याच्याशी त्या ओळींना देणंघेणं नसतं. पेहरावाचा एक शेवटचा नमुना देतो, मग पुढं जाऊ. ४४०००१ मध्ये आणखी एक शून्य घुसवा, ४४००००१ करा. ती निघते ८१ × ५४३२१. हे गुणून बघितल्याशिवाय पटत नाही.

त्या संध्याकाळचा मला सगळ्यात आवडलेला भाग यापुढचा. भाचीला विचारलं, हीच संत्री दोन चौकोनी वाफ्यांमध्ये मांडता येतील का? आयत नाही, दोन पूर्ण चौरस. एक मोठा, एक लहान, आणि काही उरायचं नाही. म्हणजे संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का?

फर्मा नावाचा फ्रेंच न्यायाधीश फावल्या वेळात गणित करायचा. २५ डिसेंबर १६४० ला मर्सेनला लिहिलेल्या पत्रात त्यानं या प्रश्नाचं उत्तर सांगितलं. विषम मूळ संख्येला ४ ने भाग द्या. बाकी १ आली तर ती नक्की दोन वर्गांची बेरीज असते, तीही एकाच प्रकारे. बाकी ३ आली तर कधीच नसते. १३ ची बाकी १, आणि १३ = ९ + ४. ७ ची बाकी ३, कितीही झटा, जमत नाही.

दुसरा अर्धा भाग कुणालाही सिद्ध करता येतो. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भाग दिला की बाकी ०, विषम संख्येच्या वर्गाला १. तेव्हा दोन वर्गांच्या बेरजेत बाकी ०, १ किंवा २ येऊ शकते. ३ यायला जागाच नाही. पहिला अर्धा भाग मात्र अवघड आहे. फर्मानं त्याची पूर्ण सिद्धता मागं ठेवली नाही. शंभराहून अधिक वर्षांनी ती ऑयलरनं दिली. मूळ नसलेल्या संख्यांसाठीही नियम आहे: बाकी ३ देणारी प्रत्येक मूळ संख्या अवयवांमध्ये जोडीनंच आली पाहिजे. एकटी आली की संपलं.

आपल्याकडे काय आहे? ३ आहे, पण दोनदा. जोडी जमली. ४८८८९ ला ४ ने भाग दिला तर बाकी १. म्हणजे दोन चौकोनी वाफे नक्की आहेत. पण केवढे? नियम फक्त "आहेत" एवढंच सांगतो, शोधायचं आपण.

आम्ही ४८८८९ मधून मोठ्यात मोठा वर्ग वजा करायला घेतला. २२१ चा वर्ग काढला, उरले ४८. हा वर्ग नाही. २२० चा, उरले ४८९. नाही. २१९, २१८, २१७. एकेक पायरी उतरत होतो. २१० ला उरले ४७८९, आणि ६९ चा वर्ग ४७६१, पुन्हा हुकलं. चौदाव्या पायरीला २०८ आले. २०८ चा वर्ग ४३,२६४. वजा केले, उरले ५६२५. भाची क्षणभर गप्प राहिली आणि मग ओरडली, "पंच्याहत्तर!" शेवटी २५ असलेले वर्ग तिला तोंडपाठ आहेत. ७५ × ७५ = ५६२५.

म्हणजे ४८८८९ = २०८ × २०८ + ७५ × ७५. आता बाजूला ठेवलेले ९ परत घ्यायचे. ९ हा ३ चा वर्ग आहे, म्हणून दोन्ही बाजू तिप्पट करायच्या: ६२४ आणि २२५. पडताळा घ्या: ६२४ चा वर्ग ३,८९,३७६. २२५ चा वर्ग ५०,६२५. बेरीज ४,४०,००१. आणि असे वाफे दुसऱ्या कुठल्याही मापाचे होणार नाहीत. नागपूर जीपीओचा पिन कोड दोन चौरसांमध्ये मांडायची एकच रीत आहे, आणि ती त्या लिफाफ्यावर आमच्या हातची लिहिलेली होती.

हे सगळं एका संध्याकाळी जमलं, कारण संख्या सहा आकडी होती. आकडे वाढले की काय होतं तेही सांगायला हवं, कारण आपल्या रोजच्या ऑनलाइन व्यवहाराची कुलपं तिथंच आहेत. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी एक कुलूप शोधलं. दोन प्रचंड मूळ संख्या गुपचूप निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगाला उघड सांगायचा. कुलूप लावायला गुणाकार पुरतो, उघडायला मात्र ते दोन अवयव लागतात. आज यासाठी साधारणपणे ६१७ आकडी गुणाकार वापरतात. आमच्यासारखं एकेका मूळ संख्येने भाग देत बसायचं म्हटलं तर वर्गमूळच तीनशेहून जास्त आकडी येतं. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या ऐंशी-एक आकडी मानतात, यावरून अंदाज करा. हुशार पद्धती आहेत, पण त्यांचीही दमछाक होते. २०२० मध्ये २५० आकडी अशी एक संख्या फोडली गेली, त्याला प्रोसेसरच्या एका कोअरची जवळपास २७०० वर्षं होतील एवढं काम हजारो संगणकांवर वाटून करावं लागलं.

गंमत ही की एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे तिचे अवयव न शोधताही सांगता येतं, तेही बरंच लवकर. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की यासाठी अशी रीत आहे जी कधीही चुकत नाही आणि आकडे वाढले तरी वेळ हाताबाहेर जात नाही. "भाग जातो" हे कळतं, "कशाने जातो" हे कळत नाही. या दोन प्रश्नांमधलं अंतर हीच त्या कुलपाची ताकद.

लिफाफा एव्हाना भरला होता. भाची प्रतापनगरला राहते, पिन ४४००२२. साहजिकच तिला आपल्या घराचं बघायचं होतं. अर्धे केले, २२००११. आकड्यांची बेरीज ६, म्हणून ३ ने भाग: ७३३३७. त्याला ११ ने भाग जातो: ६६६७. इथं बराच वेळ अडलो, ५९ पर्यंत चढावं लागलं, तेव्हा ११३ सुटले. ४४००२२ = २ × ३ × ११ × ५९ × ११३. विभाजक बत्तीस. पण ३ एकटाच आहे, जोडीदार नाही, म्हणून दोन वाफे होणार नाहीत. तिचा चेहरा उतरला.

मग ती म्हणाली, "थांब मामा, क्लासचं बघू." क्लास धरमपेठेत आहे, ४४००१०, तीच कापरेकरांच्या उडीची संख्या. तिनं सर्वांत मोठा वर्ग शोधला, ६६३ चा, म्हणजे ४,३९,५६९. वजाबाकी केली. पहिल्याच पायरीला उरले ४४१. तिनं खाली २१ लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.